वाटा आणि हाव

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आई एकवीरेच्या कृपेने आपल्या सोसायटीने पंचवीस वर्षं पूर्ण केली, याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. देवपुरात घरं पुष्कळ झाली, कॉलन्या पुष्कळ झाल्या. पण पंचवीस वर्षं वार्षिक सभा वेळेवर घेणारी, हिशेब मांडणारी आणि भांडून झाल्यावर पुन्हा एकत्र चहा पिणारी सोसायटी तुम्ही चालवली. हे सोपं नाही.

कमिटीने मला विषय दिला आहे लोभाचा. आनंदाच्या दिवशी असला विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण माझी सारी नोकरी सहकार खात्यात लेखापरीक्षण करण्यात गेली. दप्तरं तपासली, कीर्द-खतावण्या पाहिल्या. संस्था उभ्या राहताना पाहिल्या, तशा बुडतानाही पाहिल्या. बुडालेल्या संस्थेचा रिपोर्ट लिहिताना आम्ही 'अनियमितता', 'विनातारण कर्जवाटप', 'थकबाकी', 'तसलमात वसूल न करणे' असे शब्द वापरतो. त्या फॉर्ममध्ये 'लोभ' या शब्दाला रकाना नाही. पण पाच-पंचवीस दप्तरं तपासली की माणसाला कळतं, रकाना नसला तरी मूळ दुखणं तेच आहे. तेव्हा हा विषय मला परका नाही.

आपल्याकडे षड्रिपू सांगितले आहेत. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. यातला क्रोध लगेच दिसतो. चेहरा लाल होतो, आवाज चढतो. मद चालण्या-बोलण्यात दिसतो. मत्सर झाकला तरी एखाद्या टोमण्यातून बाहेर येतो. लोभाचं तसं नाही. तो नेहमी चांगले कपडे घालून येतो. कधी तो काटकसर म्हणून येतो, कधी दूरदृष्टी म्हणून, कधी 'मुलांच्या भविष्यासाठी' म्हणून, आणि सगळ्यात जास्त वेळा 'माझा हक्क' म्हणून येतो. "मी फार रागीट आहे" असं सांगणारी माणसं मला खूप भेटली. "मी लोभी आहे" असं सांगणारा एकही माणूस आजपर्यंत भेटला नाही. जो रोग आपल्याला झाला आहे हेच कळत नाही, त्याचं औषध कोण घेणार?

आता लोभ म्हणजे काय, हे आधी ठरवू. पैसा मिळवणं हा लोभ नाही. चार पुरुषार्थांत अर्थ हा एक पुरुषार्थ आहे. घर बांधणं, मुलांना शिकवणं, म्हातारपणाची सोय करणं यात पाप काही नाही. ज्याला आपण संसार म्हणतो तो हाच. श्रीमंत माणूस लोभी असतोच असं नाही आणि गरीब माणूस निर्लोभी असतोच असंही नाही. माझ्या अनुभवाने मी एवढंच सांगेन, की एखाद्या गोष्टीत दुसऱ्याचा वाटा आहे हे दिसेनासं झालं की लोभ सुरू झाला. माणूस किती घेतो यावरून लोभ मोजता येत नाही. घेताना त्याला कोण दिसत नाही, यावरून तो मोजावा.

याचं एक उदाहरण आपल्या पांझरेचंच आहे. नव्या पिढीतल्या अनेकांना ते माहीत नसेल म्हणून सांगतो.

साक्री तालुक्यापासून खाली पांझरेवर आणि शेजारच्या मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत होती. नदीवर दगडी बंधारा. बंधाऱ्यातून पाट. पाटाखालच्या जमिनीचे साधारण तीन-चार भाग, त्यांना फड म्हणायचे. एका फडात त्या हंगामाला एकच पीक. एका फडात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसरा कधी पडीक. पुढच्या वर्षी पाळी बदलायची. आणि गंमत म्हणजे पाणी सोडायचं काम जमिनीच्या मालकाकडे नसायचं. त्यासाठी गावाने नेमलेला पाटकरी असायचा. तो सगळ्यांच्या शेताला पाणी द्यायचा. राखणीला जागल्या असायचा. त्यांची मजुरी सगळे मिळून द्यायचे. पाणी कमी आलं तर यंदा कोणता फड भिजवायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे गाव बसून ठरवायचं. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत थोडी थोडी असायची. त्यामुळे नफा वाटला जायचा तसं नुकसानही वाटलं जायचं.

त्या शेतकऱ्यांना लोभ नव्हता का? होता ना! ती काही सगळी संतमंडळी नव्हती. बांधावरून भांडणारे, रात्री बारं फोडणारे तेव्हाही असणारच, नाहीतर जागल्या ठेवायची गरजच काय होती? पण त्यांनी एक शहाणपण केलं. माणसाच्या चांगुलपणावर सगळं सोडलं नाही. लोभाला हात घालायला जागाच कमी ठेवली. पाण्याची चावी मालकाच्या हातात दिली नाही. प्रत्येकाच्या डोळ्यासमोर दुसऱ्याचा वाटा कायम दिसेल, अशी व्यवस्था बांधली.

पुढे नदीच्या वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरी झाल्या, वीजपंप आले. ज्याच्या त्याच्या विहिरीवर ज्याची त्याची मोटर. सोय झाली, उत्पन्न वाढलं, हे मान्य केलंच पाहिजे. पण फडाचं गणित बिघडलं. बटण माझ्या हातात, तर शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं हे मी कशाला बघू? एकाने दोनशे फूट बोअर घेतलं की दुसरा चारशे घेतो. जमिनीखाली पाणी एकच असतं, हे दोघांनाही ठाऊक असतं.

फडात जो विचार होता, तोच पुढे कायद्याच्या भाषेत सहकार म्हणून आला. आपल्या देशात सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा १९०४ साली झाला. कारण काय होतं? सावकारी. गरजेला पैसा लागला की शेतकऱ्याला सावकाराशिवाय दार नव्हतं. मग दहा जणांनी थोडं थोडं जमवायचं आणि ज्याला नड असेल त्याला वाजवी व्याजाने द्यायचं, ही कल्पना. कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचं मत जास्त. सहकारात एक सभासद, एक मत. एक शेअर असो नाहीतर शंभर. पैशाला मत नाही, माणसाला मत. आपली सोसायटी ज्या १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदली आहे, त्याचाही पाया हाच.

मग खान्देशात सहकाराचं काय झालं? इथे बसलेल्या निम्म्या घरांना त्याचं उत्तर माहीत आहे. कारण निम्म्या घरांत कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेची ठेव पावती अजून कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली आहे.

मोठ्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मी आधी एक लहान गोष्ट सांगतो. संस्थेचं आणि माणसाचं नाव सांगणार नाही, त्याची गरजही नाही. एका छोट्या संस्थेचा सेक्रेटरी होता. सज्जन माणूस. सभासद त्याला भाऊ म्हणायचे. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती आणि पगार चार दिवसांनी होणार होता. त्याने संस्थेच्या रोख शिलकेतून पैसे घेतले आणि चार दिवसांनी परत ठेवले. कोणाला कळलं नाही. दुसऱ्या वेळी महिन्याने ठेवले. तिसऱ्या वेळी घराचा स्लॅब पडायचा होता. मग कीर्दीत 'हातावर शिल्लक' म्हणून आकडा लिहायचा आणि पेटीत मात्र तेवढी रक्कम नाही, असं वर्षानुवर्षं चाललं. तपासणीला गेल्यावर पेटी उघडायला सांगितली तेव्हा त्याने किल्ली शोधायला अर्धा तास लावला. किल्ली त्याच्या खिशातच होती.

तो माणूस चोर म्हणून जन्मला नव्हता. पहिल्या दिवशी त्याला ठामपणे वाटत होतं की आपण परत करणार आहोत, आणि त्याने केलेही. लोभाची खरी ताकद इथे आहे. तो पहिल्या दिवशी फक्त एक पाऊल मागतो, तेही परत फिरता येईल असं. भीती गेली की लाज जाते, आणि लाज गेली की माणूस स्वतःलाच हिशेब विचारायचा थांबतो. मी पैशाची अफरातफर खूप पाहिली. पण मला जास्त वाईट वाटायचं ते त्या माणसाच्या डोळ्यांचं. ज्या लोकांना तो रोज रामराम करायचा, त्यांच्याकडे बघणं त्याने कित्येक वर्षांपूर्वी सोडून दिलेलं असायचं.

आता मोठी गोष्ट. भाईचंद हिराचंद रायसोनी, म्हणजे आपण ज्याला बीएचआर म्हणतो, ती जळगावची पतसंस्था. अनेक राज्यांत शाखा. हजारो सामान्य माणसांच्या ठेवी. कोणाचे निवृत्तीचे पैसे, कोणाचे मुलीच्या लग्नाचे. २०१५ च्या सुरुवातीला संस्थेच्या संस्थापकांना आणि संचालकांना अटक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीला संस्थेवर अवसायक नेमला गेला. अवसायक म्हणजे काय? बुडालेल्या जहाजातून जे वाचेल ते वाचवून ज्याचं त्याला देणारा माणूस. आणि २०२० मध्ये त्या अवसायकाच्या कारभाराबद्दलच पुण्यात गुन्हा दाखल झाला. आरोप असे, की संस्थेच्या मालमत्ता कमी भावात दिल्या गेल्या, आणि ठेवीदारांच्या पावत्या मातीमोल किमतीत घेऊन त्या कर्जदारांच्या कर्जात पूर्ण रकमेने वळत्या केल्या गेल्या. दोषी कोण, किती, ते न्यायालय ठरवेल. तो आपला अधिकार नाही.

पण तो पावत्यांचा प्रकार काय असतो, तो नीट समजून घ्या. समजा एका आजींची पाच लाखांची पावती आहे. संस्था बुडाली आहे. आजींना ऑपरेशनला पैसे हवेत. कोणीतरी घरी येतो आणि म्हणतो, "आजी, हे पैसे काही मिळायचे नाहीत. मी दीड लाख देतो, सही करा." आजी सही करतात. तीच पावती मग एका कर्जदाराच्या खात्यावर पाच लाख म्हणून जमा होते. कर्जदाराचं पाच लाखांचं कर्ज थोडक्यात फिटलं. मधल्याला मधलं मिळालं. आजींचे साडेतीन लाख गेले, आणि वर 'आजींची मदत केली' हे समाधानही त्यांनीच घेतलं! कुंपणाने शेत खावं, तसा हा प्रकार. असा व्यवहार करणारे दरोडेखोर नसतात. ते लग्नात पुढच्या रांगेत बसणारे, गणपतीला वर्गणी देणारे लोक असतात. त्यांना ती संधी दिसली. आजी दिसल्या नाहीत.

इथे एक प्रश्न नेहमी विचारला जातो. "साहेब, ठेवीदारांनाही लोभ होताच ना? दोन टक्के जास्त व्याजासाठी गेले होते." मला हे बोलणं आवडत नाही. लुटणारा आणि लुटला गेलेला यांना एका तागडीत घालू नका. पेन्शन नसलेल्या माणसाने औषधपाण्यासाठी दोन टक्के जास्त शोधले, तर ती त्याची नड आहे. नडीचा धंदा करणाऱ्याकडे लोभ आहे. मात्र सावध राहणं हे आपलं काम आहे, आणि त्यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. २०२० पूर्वी ते एक लाख होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. दुसरी गोष्ट, एक सोपं गणित. ७२ ला व्याजदराने भागलं की रक्कम किती वर्षांत दुप्पट होते ते साधारण कळतं. बारा टक्क्यांनी सहा वर्षं. कोणी तीन वर्षांत दुप्पट म्हणाला तर तो चोवीस टक्के देतो आहे. मग शांतपणे विचारा, "भाऊ, तुझ्याकडून कर्ज घेऊन तीस टक्के व्याज भरणारा असा कोणता धंदा आहे, मलाही दाखव." उत्तर मिळालं नाही तर चहा पिऊन घरी या.

आता संस्थांचं पुरे झालं. संस्थांबद्दल बोलणं सोपं असतं, कारण तिथे दोष दुसऱ्याचा असतो. थोडं घरात येऊ.

खान्देशात आखाजीचं महत्त्व मी सांगायला नको. सासुरवाशीण लेक माहेरी येते. झोका बांधतात, गाणी म्हणतात, सांजोऱ्या करतात. आपला हा लेकींचा सण. आता कायदा बघा. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. आणि प्रत्यक्षात काय होतं? बाप गेला की तेराव्यानंतर बहिणीला निरोप जातो, "ताई, येताना आधार कार्ड घेऊन ये." दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर सही होते. भाऊ साडी घेतो. सगळे जेवतात. बहिणीने नाही म्हटलं, तर "तुझ्या लग्नात खर्च केला तो काय होता?" असं ऐकवलं जातं, आणि पुढच्या आखाजीला तिला कोणी बोलवत नाही.

मी असं म्हणत नाही की प्रत्येक बहिणीने वाटा घेतलाच पाहिजे. सुखात असलेली बहीण आपल्या खुशीने भावाला म्हणते, "मला नको, तुला असू दे." हा तिचा मोठेपणा आहे, आणि अशा बहिणी आपल्याकडे खूप आहेत. पण खुशी कशी ओळखायची? भावाने आधी म्हणावं, "ताई, हा तुझा वाटा. घ्यायचा तर घे, माहेरचं दार तसंच उघडं आहे." एवढं बोलल्यावर तिने सोडला तर तो त्याग. हे न बोलता सही घेतली, तर त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. दोन एकरांसाठी बहीण गमावलेले भाऊ या गावात आहेत. सातबारा मोठा झाला आणि आखाजीचा झोका रिकामा राहिला. हे नुकसान कोणत्या ताळेबंदात दाखवायचं?

लोभाचा आध्यात्मिक धोका मी यालाच म्हणतो. नरक मेल्यावर मिळतो की नाही, मला माहीत नाही. पण लोभी माणसाला जिवंतपणीच एक शिक्षा मिळते. त्याला माणसं दिसायची बंद होतात. बहीण म्हणजे सही, भाऊ म्हणजे वाटेकरी, शेजारी म्हणजे अडथळा, म्हातारे आई-वडील म्हणजे खर्च. घर भरलेलं आणि तो एकटा. त्यात भीती वेगळीच. ज्याने दुसऱ्याचं घेतलं, त्याला सारखं वाटतं की आपलंही कोणी घेईल. झोप जाते ती तिथे.

आपल्या धुळ्याला या विषयाचा मोठा वारसा आहे. १९३२ साली फेब्रुवारी ते जून, दर रविवारी, याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. 'गीता प्रवचने' म्हणून ते पुस्तक आज जगभर वाचलं जातं, आणि त्याचा जन्म आपल्या गावात झाला. गीतेच्या सोळाव्या अध्यायात काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन दारं सांगितली आहेत. मला त्यातला 'दार' हा शब्द फार महत्त्वाचा वाटतो. खड्ड्यात माणूस चुकून पडतो. दारातून तो स्वतःच्या पायांनी आत जातो. आणि दार आहे म्हटल्यावर, आलेल्या वाटेने बाहेरही पडता येतं.

पुढे १९५१ मध्ये त्याच विनोबांनी पोचमपल्लीला भूदान सुरू केलं. जमीनदाराला ते म्हणायचे, की तुम्हाला पाच मुलं असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. बघा, त्यांनी भीक मागितली नाही. वाटा मागितला.

तुकोबांची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. मोठा दुष्काळ पडला, माणसं मेली, आणि त्यांनी घरच्या सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत सोडून दिली. पण परंपरेने सांगितलेला त्यातला एक तपशील आपण विसरतो. त्यांनी खतांचे दोन भाग केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याच्या हाती दिला आणि फक्त आपला अर्धा पाण्यात सोडला. एवढं वैराग्य आलेलं असताना भावाचा वाटा त्यांच्या नजरेतून सुटला नाही. त्याग करतानाही दुसऱ्याच्या वाट्याला हात लावायचा नाही!

आणि हे एका धर्माचं सांगणं नाही. आपल्यातल्या जैन बांधवांकडे अपरिग्रह हे व्रतच आहे. मुस्लिम बांधव जकात देतात, शिलकीच्या अडीच टक्के, आणि तो गरिबाचा हक्क मानला जातो. गांधीजी श्रीमंतांना विश्वस्त व्हा म्हणाले. शब्द वेगळे, पण माझ्या ताटात दुसऱ्याचा घास आहे ही जाणीव एकच.

आता शेवटी आपल्या सोसायटीबद्दल बोलतो. राग मानू नका, मीही देवपुरातच राहतो.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो. 'आपण' म्हटलं की तो आत येतो. सोसायटी सुरू होते तेव्हा सगळे 'आपण' म्हणत असतात. आपण रस्ता करू, आपण झाडं लावू. घरं बांधून झाली की हळूहळू 'आम्ही' आणि 'तुम्ही' सुरू होतं. ओटा एक फूट रस्त्यावर येतो. शेजारी म्हणतो, त्याने एक फूट घेतला तर मी दीड घेतो. ओटे सगळ्यांचे मोठे होतात आणि रस्ता एवढा अरुंद होतो की एखाद्या रात्री अॅम्ब्युलन्स आली तर ती कोपऱ्यावरच थांबते. त्या रात्री आजारी कोण असेल, हे ओटा बांधताना कोणाला ठाऊक असतं?

नळाचं तेच. आपल्याकडे नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते मी सांगायला नको. पाणी आलं की पहिल्या घरात नळाला थेट मोटर लागते. शेवटच्या घरातली बाई हंडा घेऊन बसलेली असते आणि नळातून नुसती हवा येते. तिच्या नळातली ती हवा म्हणजे आपल्या टाकीतलं पाणी आहे. तीन-चारशे वर्षांपूर्वी याच पांझरेकाठच्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या शेतकऱ्याला हे कळत होतं, म्हणून त्याने पाण्याची चावी पाटकऱ्याच्या हाती दिली. आपण शिकलेले लोक, आपल्याला जमणार नाही का?

हाव एकट्या माणसाला सुटते असंही नाही. संस्थेलाही सुटते. कोणी घर विकलं की नवीन माणसाकडून देणगीच्या नावाखाली वाटेल तेवढी रक्कम मागणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. शासनाने महानगरपालिका हद्दीत हस्तांतरणाच्या अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठरवून दिली आहे. नवा सभासद आपल्यात येतो आहे. त्याची पहिली ओळख आपल्या हावेशी होऊ नये.

तर या पंचवीसाव्या वर्षी तीन गोष्टी करा, एवढी विनंती. एक, सोसायटीचा जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावा. हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं नव्हे. सेक्रेटरीला मोहापासून वाचवण्याचा तोच एक मार्ग आहे, आणि सज्जन सेक्रेटरी तो स्वतःहून मागेल. दोन, नळाला थेट मोटर लावायची नाही, असा ठराव पुढच्या सभेत करा. आणि अंमलबजावणी पहिल्या घरापासून सुरू करा, कारण पाणी तिथूनच अडतं. तीन, ओपन स्पेसची जागा मोजून घ्या, तिला तारेचं कुंपण करा आणि तिथे मुलांना खेळू द्या. ज्या जागेवर मुलं खेळतात त्या जागेवर डोळा ठेवणं मोठ्यांना जरा जड जातं.

घरी गेल्यावर प्रत्येकाने आपापलं कपाट उघडावं, सातबारा काढावा, वाटण्यांचे कागद काढावेत, आणि एकच प्रश्न विचारावा, की यात असा कोणाचा वाटा आहे का, जो आपल्याला दिसत होता आणि आता दिसत नाही? उत्तर 'नाही' आलं तर शांत झोपा. 'आहे' आलं तर फोन करायला अजून फार उशीर झालेला नाही. आखाजी दरवर्षी येते.

 मुलांना आता खाऊ वाटायला हरकत नाही. मात्र आधी शेवटच्या रांगेपासून सुरुवात करा.